सहाच्या फोनचा चहा

जांब समर्थ,
ता. घनसावंगी, जि. जालना
३ मार्च २०२५

चि. सौ. तृप्तीस,
आशीर्वाद.

मी बरी आहे. थंडीत गुडघा कुरकुरत होता, ऊन वाढलं तसा गप्प झाला. पुण्यात तू, कल्याण आणि आकू बरे असाल असं धरून लिहिते. फोनवर मला बोलणं सुधरत नाही. समोरचं माणूस घाईत आहे असं वाटतं, आणि मी "बरं, ठेवते" म्हणून मोकळी होते. कागदावर लिहिलं की खोडता तरी येतं.

सोबतच्या खोक्यात चहाच्या पुड्या आहेत, दोऱ्याच्या, गरम पाण्यात बुडवायच्या. साठ आहेत. मी घरी केल्या आहेत. आता तू म्हणशील, आईला हे काय सुचलं.

सुचलं ते मोसंबीमुळे. मृग बहाराची फळं उतरली. डाग पडलेली, बारकी मोसंबी व्यापारी उचलत नाही, ती सगळी घरी येतात. किती खाणार आणि किती वाटणार? रस काढला की सालींचा ढीग पडायचा आणि शेळ्यासुद्धा त्याला तोंड लावायच्या नाहीत. मागच्या वर्षी मी त्या साली वाळवून बघितल्या. आतला पांढरा पापुद्रा सुरीनं काढून टाकायचा, तो कडू असतो. मग वरची पिवळी साल बारीक चिरून खाटेवर, पांढऱ्या धोतरावर पसरायची. सावलीत. उन्हात टाकली की रंग जातो आणि वासही जातो. धोतर अप्पांचं आहे. त्यांची चार होती, दोन मी वापरते.

साल वाळली की नाही हे हातानं कळत नाही, कानानं कळतं. मोडली की कट् असा आवाज यायला हवा. तरी मी दोन दिवस काचेच्या बरणीत बंद करून ठेवते. काचेला आतून वाफ धरली तर परत खाटेवर. पहिल्या खेपेला हे माहीत नव्हतं, सगळ्याला बुरशी आली, उकिरड्यावर टाकावं लागलं.

मोसंबीच्या सालीत गवती चहा कात्रीनं कापून घालते. तुळस, थोडी सुंठ, बडीशेप. दुसऱ्या प्रकारात वाळवलेल्या आवळ्याचा कीस आणि जास्वंदीच्या पाकळ्या, त्याचं पाणी लाल होतं, ते आकूला आवडेल. सगळं खलबत्त्यात जाडसर कुटायचं. मिक्सरमध्ये पीठ होतं आणि पुडीतून बाहेर येतं. रिकाम्या कागदी पिशव्या जुन्या जालन्यात एका दुकानात मिळाल्या. दुकानदार म्हणाला, "आजी, मोबाईलवर बघून करू राह्यल्या का?" मी म्हटलं, "न्हाई बाबा, मला आधीपासून येतं." पिशवीचं तोंड पिन मारून बंद करतात, पण मला चहात लोखंड बुडवणं पटत नाही. मी सुईनं शिवते, दोन आडवे टाके.

शेजारची शिवकन्या रोज दुपारी मदतीला येते. पहिल्या दिवशी म्हणाली, "काकू, बिलकुल येड्या झाल्या तुम्ही. लोकायला पान्यात कचरा बुडवून पाजू राह्यल्या." आता तीच देवळापाशी समर्थांच्या दर्शनाला आलेल्या बायांना सांगते, "घ्या, पोटाला हलका हाये." आणि घरी जाताना स्वतःसाठी दोन पुड्या पदराला बांधते.

सगळ्या एकच विचारतात, हे तुम्हाला शिकवलं कुणी. मी हसते आणि टाके घालत बसते.

वाचनालयात नवीन पुस्तकं आली आहेत. शाळा मला चौथीपर्यंतच मिळाली. सुरुवातीला अक्षर लावत लावत वाचायची, पण आता आठवड्याला एक पुस्तक होतं. संध्याकाळी बरं पडतं. संध्याकाळी घरात फार काही नसतं.

रामनवमीला कल्याण आकूला घेऊन येईलच. तू आलीस तर बरं वाटेल. पण तुझी नोकरी आहे, सुट्टीचं तुला माहीत. मी समजते.

पुडी कपात टाकल्यावर पाच मिनिटं झाकून ठेव, म्हणजे वास उडत नाही.

तुझी,
आई


जांब समर्थ
१९ मार्च २०२५

चि. तृप्ती,

पुड्या पोचल्याचं कल्याणनं कळवलं. मग त्याच्या फोनवरून तुझा एका ओळीचा निरोप आला. "आई, यात ज्येष्ठमध नाही ना?"

नाही. मी लगेच कळवलं. पण ती ओळ मी किती वेळा वाचली असेल सांगता येत नाही. मी कल्याणला फोन केला आणि विचारलं की तृप्तीनं असं का विचारलं. तो आधी टाळत होता. मग म्हणाला, "आई, ती बिस्किटाच्या पुड्यामागचं बारीक अक्षरसुद्धा दोनदा वाचते. आकूला खोकला आला तरी काढा करत नाही. गावाकडं यायचं म्हटलं की तिला नोकरी आठवते. मी बोलतो, समजावतो, पण ती म्हणते की माझ्या हातून झालंय ते झालंय."

मागच्या पत्रात मी सालींवर दोन पानं लिहिली. जे लिहायला हवं होतं त्याच्या भोवतीनं फिरून आले. आज लिहिते. तुला माहीत असलेलंच आधी मांडते, म्हणजे पुढच्याला हात धजेल.

अप्पांची साखर आणि बीपी, दोन्ही वाढलं होतं. डॉक्टरांनी साखरेचा चहा बंद सांगितला. दिवसाला आठ कप पिणारा माणूस, त्यांना बंद म्हणजे काय. तू पुण्याहून त्या महागातल्या पुड्या पाठवल्यास, तुळस-ज्येष्ठमधाच्या, आणि सोबत एक काचेचा कपही. रोज संध्याकाळी सहाला तू व्हिडिओ फोन करायचीस आणि अप्पा तुझ्यासमोर पुडी बुडवून चहा प्यायचे. आषाढापासून पौषापर्यंत, सात महिने. एक दिवस चुकला नाही.

मग माघात त्यांना झटका आला. जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काही झाडपाला घेत होते का? तू खरं ते सांगितलंस, पुडीचा फोटो दाखवलास. डॉक्टर म्हणाले, ज्येष्ठमधानं काही जणांचं बीपी वाढतं, टाळायला हवं होतं. तेव्हा शेजारच्या स्टुलावर अप्पांची थोरली बहीण, आपल्या कांताबाई बसलेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी अप्पा गेले. तेराव्याला बायांची पंगत बसलेली असताना कांताबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सून लई शिकलेली हाये ना. शिकून सवरून माझ्या भावाला पाला पाजला." तू वरण वाढत होतीस. तू पळी पातेल्यात ठेवलीस आणि आत गेलीस.

इथपर्यंत तुला माहीत आहे. आता माहीत नसलेलं.

तृप्ती, तुझ्या त्या पुड्यांतला चहा अप्पांनी प्यायलाच नाही. पहिले दोन दिवस चार-चार घोट घेतले तेवढेच. दुसऱ्या दिवशी तुझा फोन ठेवल्यावर त्यांनी उरलेला कप तुळशीत ओतला आणि म्हणाले, "हे गुराच्या आंबोणाचं पानी हाये. मला न्हाई जमायचं." मी म्हटलं, मग तसं सांगा तिला. तर म्हणाले, "येडी का काय तू? नको म्हनलं तर ती सहाला फोन कशाला करंल?"

तुला हे ठाऊक नसेल. पाच वाजल्यापासून ते तयारीला लागायचे. तोंड धुवायचे, टोपी घालायचे, फोन तांब्याला टेकवून खुर्ची सरकवून बघायचे. मी दिसतो का, आकू दिसंल का, असं चाललेलं. कल्याणचा फोन आठ-पंधरा दिवसांनी यायचा, कामापुरता. तू रोज करायचीस. त्यांना त्या फोनची चटक होती, आणि फोनला त्या पुडीचं निमित्त होतं.

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "पुडी तर तीच दिसली पाह्यजे. आत काय हाये, ते फोनमध्ये कुठं दिसतं?"

कल्पना त्यांची, सुई माझी. मी पुडीची पिन नखानं काढली, आतला पाला डब्यात रिकामा केला, आपली चहापत्ती भरली आणि तोंड दोन आडवे टाके घालून शिवलं. तोच टाका मी अजून घालते. कपातल्या पाण्यात आधीच साखर विरघळवून ठेवायची. दूध घातलं तर तुला दिसलं असतं, म्हणून ते कोरा चहा प्यायला तयार झाले. दर रविवारी दुपारी मी बसून आठवड्याच्या सात पुड्या करायची आणि ते शेजारी बसून पेपर वाचल्यासारखं करायचे. एकदा तू विचारलंस, "अप्पा, रंग एवढा गडद कसा?" तुला आठवत असेल. ते म्हणाले, "जास्त वेळ भिजवली बाई. तुझा खर्चा वसूल नको का व्हायला?" आणि तू हसलीस. फोन ठेवल्यावर आम्ही दोघंही हसलो. आमच्या संसारात आम्ही दोघांनी मिळून केलेली ही एकच लबाडी. मला तेव्हा ती फार गोड वाटत होती.

साखर किती, ते लिहायलाच हवं. दोन चमचे. रोज. डॉक्टरांनी एकही नको म्हणून सांगितलेलं मला पाठ होतं.

मागच्या महिन्यात माझं बीपी तपासायला गेले तेव्हा त्याच डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आजी, दोन वर्षांनी विचारता?" मग म्हणाले की ज्येष्ठमध पोटात गेलंच नसेल तर त्याचा विषय संपला. मी विचारलं, आणि साखर? ते म्हणाले, "एवढ्या वर्षांचं दुखणं एका कपावर टाकता येत नाही. पण साखर द्यायला नको होती." मी मान हलवली. दोन्ही वाक्यं मी घरी घेऊन आले आहे. कधी पहिलं आठवतं, कधी दुसरं.

आता तेराव्याचं. कांताबाई बोलल्या तेव्हा मी खांबाला टेकून बसले होते. एक वाक्य बोलले असते तर तू सुटली असतीस. ते वाक्य माझ्या तोंडात होतं. पण बोलले असते तर पंगतीतली प्रत्येक मान माझ्याकडे वळली असती. नवऱ्याला बंद केलेली साखर पाजणारी बाई. त्या दिवशी माझं कपाळ नुकतंच मोकळं झालं होतं, तेवढं आणखी अंगावर घ्यायची माझी तयारी नव्हती. मनाला म्हटलं, चार दिवसांनी सांगू. मग म्हटलं, वर्षश्राद्धाला तृप्ती येईल तेव्हा सांगू. तू आली नाहीस. मग मी स्वतःला सांगायला लागले की तुला खरंच सुट्टी मिळत नसेल. खोटं एकदा जमलं की पुढं ते सोपं होत जातं, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.

आणि याहून वाईट एक आहे. पुण्याला निघताना तू माझ्या पाया पडलीस. म्हणालीस, "आई, माझं चुकलं." मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. माफ केल्यासारखा. तुझं काही चुकलेलं नाही हे त्या घरात मला एकटीलाच माहीत होतं, आणि तरी मी तो हात ठेवला. दोन वर्षांत मला अप्पांची आठवण येते तेव्हा रडू येतं, आणि ते येऊन जातं. त्या हाताची आठवण येते तेव्हा काहीच येत नाही. मी उठून भांडी घासते.

हे पत्र लिहिण्याआधी मी परवा पिंपळगाव रेणुकाईला, कांताबाईंच्या गावी जाऊन आले. तीन गाड्या बदलल्या. तुला आधी सांगून मग कांताबाईंना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या की सुनेनं सासूला पढवलं. म्हणून आधी त्यांच्याकडे गेले. त्या ओट्यावर तूर पाखडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "काय गं दैवशाला, अचानक? कोनी गेलं का?"

"न्हाई आक्का. बोलायला आले."

"मंग बस. पानी पी आन् बोल."

मी सगळं सांगितलं. सुईपासून साखरेपर्यंत. त्यांचं सूप थांबलं नाही. माझं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "आन् दोन वरीस तोंडाला काय टाके घातले व्हते का, त्या पुडीवानी?"

"घातले व्हते."

मग त्यांनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता माझी धडगत नाही. त्यांनी विचारलं, "साखर किती टाकू राह्यली व्हती?"

"दोन चमचे."

"त्याला तीन लागायची. लहानपनापासून." मग म्हणाल्या, "पेताना हासायचा का?"

"फोन ठेवल्यावर लई हासायचे."

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि मला शिव्या दिल्या. पोटभर दिल्या. त्या इथं लिहीत नाही, पण एकही खोटी नव्हती. जेवायला वाढलं, तेही रागानं, भाकरीवर भाकरी. निघताना म्हणाल्या, "रामनवमीला मी येऊ राह्यले. तेराव्याच्या पंगतीत जेवढ्या बाया व्हत्या, तेवढ्यांम्होरं सांगते. मी माझ्या तोंडानं बोलले व्हते, माझ्याच तोंडानं गिळीन. तू तुझं सांग. आन् पोरीला म्हनावं, आत्याला काय बोलायचं ते बोल, पन घरी ये."

मी त्यांचा निरोप जसाच्या तसा लिहिला आहे. माझा निरोप असा काही नाही. तू यावंस असं मला वाटतं, पण ये म्हणायची माझी जागा आता राहिली आहे का, ते तू ठरव. रागावलीस तर राग. कल्याणला हे पत्र वाचायला दे किंवा देऊ नकोस. त्यालाही मी सांगणार आहे, पण तुझ्या आधी नाही.

सोबत स्टीलचा डबा पाठवते आहे. तो आपल्या फळीवर वरच्या बाजूला होता, तू बघितला असशील. तुझ्या पुड्यांतून काढलेला पाला त्यात आहे, सात महिन्यांचा. तुझ्या पैशाचा माल, मला टाकवला नाही. अप्पा गेल्यावर एकदा मी त्यातला चिमूटभर उकळून प्यायले. चांगला होता गं. अप्पांना उगीच आवडला नाही. त्यानंतरच मी मोसंबीच्या साली वाळवायला घेतल्या. आता त्याचा वास गेला आहे, पिऊ नकोस. नुसता उघडून बघ. डबा गळ्यापर्यंत भरलेला आहे, तेवढं तुला दिसलं म्हणजे झालं.

पत्राच्या शेवटी आशीर्वाद लिहायची रीत आहे. आज लिहीत नाही. तुझ्या डोक्यावर तेव्हा ठेवलेला हात आधी मला उचलायचा आहे, तो या पत्रानं उचलला असं समज.

उत्तर लिहायलाच पाहिजे असं नाही. पण कधी मनात आलं तर संध्याकाळी सहाला फोन कर. मी अजून त्या वेळेला खुर्ची तिथंच ओढून बसते. कप समोर धरीन. आत काय आहे ते विचार, मी खरं सांगेन.

दैवशाला